दुसऱ्यांचे हात

२० नोव्हेंबर २०२४ ला न्यूयॉर्कमध्ये सदबीज या लिलावगृहाच्या इमारतीबाहेरच्या फळांच्या गाडीवरून कुणीतरी एक केळं विकत घेतलं. पस्तीस सेंट. चार घेतली असती तर एका डॉलरला पडली असती, पण हवं होतं एकच. त्याच संध्याकाळी ते आत भिंतीवर, राखाडी डक्ट टेपच्या एका पट्टीखाली, माउरीत्सिओ कात्तेलान या इटालियन कलाकाराची कलाकृती म्हणून होतं आणि हातोडा ५२ लाख डॉलरवर पडला. लिलावगृहाचा वाटा धरून आकडा ६२ लाखांच्या पुढे गेला. गाडीवरचा माणूस चौऱ्याहत्तर वर्षांचा, बांगलादेशातून आलेला. ताशी बारा डॉलरवर बारा-बारा तास उभा राहणारा. गाडी त्याची नव्हे, मालकाची. आपण विकलेल्या केळ्याचं पुढे काय झालं हे त्याला काही दिवसांनी एका वार्ताहराकडून कळलं आणि तो रडला. ते घेणाऱ्यांना केळं म्हणजे काय ते ठाऊक नाही का, असं काहीसं त्यानं विचारलं.

खरेदीदार होता क्रिप्टोवाला जस्टिन सन. त्यानं उदारपणे जाहीर केलं की त्याच गाडीवरून आपण एक लाख केळी विकत घेणार आणि जगभर फुकट वाटणार. मग त्या वार्ताहरानं हिशोब मांडला. एका खोक्यात साधारण शंभर केळी मावतात, म्हणजे हजार खोकी. ती ब्रॉन्क्सच्या घाऊक बाजारातून आणायची, पैसे आधी मोजायचे, फुटपाथवरच्या गाडीपाशी उतरवायची. चार केळी एक डॉलर या भावानं पंचवीस हजार डॉलरचा गल्ला, त्यातून निव्वळ नफा सहा हजारांच्या आसपास, आणि तोही मालकाचा. ओझी उचलणाऱ्याला तेच ताशी बारा.

किंमतीवर चिडणाऱ्यांबद्दल मला फारशी सहानुभूती नाही. श्रीमंतांनी पैसे कशावर उधळावेत हा त्यांचा प्रश्न. मला सलतं ते वेगळंच. माउरीत्सिओ कात्तेलान या माणसाच्या पस्तीस वर्षांच्या कारकिर्दीत असा एक तरी माणूस जवळजवळ प्रत्येक कामामागे उभा आहे. त्याच्या हातांशिवाय काम झालं नसतं, आणि भिंतीवरच्या पाटीवर तो नाही.

केळ्याचंच बघा. या कामाचं नाव ‘कॉमेडियन’. विकलं जातं ते प्रमाणपत्र, आणि सोबत चौदा पानी सूचनापत्र. जमिनीपासून १७५ सेंटिमीटर उंची. केळं तिरकं, पट्टी त्याला छेद देत तिरकी. सात ते दहा दिवसांनी केळं बदलायचं. एकूण तीन प्रती, शिवाय कलाकाराच्या स्वतःच्या दोन. कात्तेलान वर्षभर केळ्याभोवती घुटमळत होता म्हणतात. आधी रेझिनचं करून पाहिलं, मग ब्राँझचं, मग रंगवलेल्या ब्राँझचं, आणि शेवटी खऱ्या केळ्यावर आला. हा निर्णय गंमत म्हणून घेतलेला वाटतो, पण त्यात कारागिरीची एक अडचण परस्पर सुटते. ब्राँझचं केळं एका पट्टीवर तोललं नसतं, आत खिळा लपवावा लागला असता, आणि लपवलेला खिळा म्हणजे खोटेपणा. दीडशे ग्रॅमचं खरं केळं टेप प्रामाणिकपणे पेलतो.

पेलतो, पण सहज नाही. डक्ट टेप म्हणजे कापडी जाळीवर प्लास्टिकचा थर आणि खाली रबरी गोंद. भिंतीच्या समांतर ओढ असेल तर हा टेप भलताच चिवट, पण टोकापासून सोलत उचलला की लगेच हार मानतो. केळं तीन-चार सेंटिमीटर जाड, त्यामुळे पट्टी दोन्ही बाजूंना भिंतीपासून तंबूसारखी उचललेली राहते आणि तिच्या दोन्ही टोकांवर नेमकी तीच सोलणारी ओढ येते. म्हणून टोकं लांब ठेवावी लागतात आणि अंगठ्यानं नीट दाबून बसवावी लागतात. भिंतीचा रंग ताजा असेल तर टेप धरून राहतो पण रंगच पापुद्र्यासकट सुटून येतो. केळ्याच्या सालीवर थंडाव्यातून बाहेर काढल्यावर दव धरलेलं असेल तर गोंद बसतच नाही. फळ आधीपासून पिवळंधमक असेल तर दोन-तीन दिवसांत गर मऊ पडतो, पट्टी सालीत रुतते, तिथे काळा वळ उठतो आणि केळं मधोमध वाकून खाली घसरू लागतं. त्यामुळे देठाशी किंचित हिरवं, कडक, फार वाक नसलेलं केळं निवडायचं. फ्रिजमध्ये साठा करून चालत नाही, कारण तेरा अंशांच्या बरंच खाली गेलं की साल आतून काळवंडते. जळगावच्या वाचकाला हे सांगायची गरज नाही. पण ते करतं कोण? कात्तेलान नव्हे. संग्रहालयातला कुणी तंत्रज्ञ, सकाळी दारं उघडण्याआधी, शिडीवर.

आणि कुणीतरी ते खातंच. २०१९ च्या डिसेंबरात मायामीच्या कलाविक्रीच्या जत्रेत, पेरोतां गॅलरीच्या स्टॉलवर, दाविद दातुना नावाच्या कलाकारानं एक लाख वीस हजार डॉलर किंमत लागलेलं केळं सोलून खाल्लं. थोड्या वेळात दुसरं लागलं. शेवटच्या दिवशी गर्दी आवरेना म्हणून गॅलरीनं केळंच उतरवलं. २०२३ मध्ये सोलच्या लीयम संग्रहालयात एका विद्यार्थ्यानं खाल्लं आणि साल परत टेपखाली चिकटवून ठेवली. २०२५ च्या जुलैत फ्रान्समध्ये मेत्झच्या पाँपिदू केंद्रातही तेच. तेव्हा कात्तेलाननं तक्रार केली ती अशी की त्या माणसानं फळालाच कलाकृती समजून साल आणि टेप तसाच सोडला! ही तक्रार मला मनापासून आवडली, आणि रागही आला. आवडली कारण ती अचूक आहे. राग आला कारण इतकी अचूकता तो फक्त स्वतःच्या मालकीविषयी दाखवतो.

टेप मात्र त्याच्या हाताला मायामीत प्रथम लागलेला नाही. १९९९ मध्ये मिलानमध्ये त्यानं आपला गॅलरीवाला मास्सिमो दे कार्लो यालाच टेपनं भिंतीवर चिकटवलं होतं. पाय जमिनीपासून वर, अंगभर आडव्या-उभ्या राखाडी पट्ट्या, उद्घाटनाला आलेले लोक हातात ग्लास घेऊन समोर. कामाचं नाव ‘एक उत्तम दिवस’. दीडशे ग्रॅम वेगळे आणि सत्तर-ऐंशी किलो वेगळे. लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचत जातं, छातीवरच्या पट्ट्या श्वास पुरता भरू देत नाहीत, आणि धडपडायची सोय नसल्यामुळे पायांचे स्नायू रक्त वर ढकलू शकत नाहीत. गिर्यारोहकांना हा धोका ठाऊक असतो, चित्रांच्या व्यापाऱ्याला कशाला असेल? दे कार्लोला शेवटी रुग्णालयात न्यावं लागलं. त्याआधी १९९५ मध्ये पॅरिसच्या एमान्युएल पेरोतांला त्यानं प्रदर्शनभर गुलाबी सशाच्या पोशाखात वावरायला लावलं होतं, आणि तो ससा भलत्याच अवयवासारखा दिसत होता. पेरोतां स्त्रियांमागे फार, म्हणून. दोघंही आजतागायत त्याचे गॅलरीवाले आहेत. विक्रेत्याला वस्तू करणं हा सूड आहे असं समीक्षक लिहितात. मला तो सूड वाटत नाही. ज्याला स्वतः भिंतीवर जायचं नाही, त्यानं दुसऱ्याला चढवलं, एवढंच.

कात्तेलानचा जन्म १९६० चा, पादुआचा. वडील ट्रक चालवायचे, आई लोकांकडे साफसफाईची कामं करायची. कलाशाळेचं तोंड त्यानं पाहिलं नाही. पादुआ म्हणजे संत अंतोनीचं गाव, गोव्यातल्या आणि वसईतल्या घराघरांत ज्याची तसबीर असते तोच अंतोनी. कात्तेलान सांगतो की पोरवयात तो चर्चच्या दुकानात संतांच्या मूर्ती विकत असे आणि अंतोनीला मिशा काढल्यामुळे त्याला हाकललं गेलं. त्याच्या मुलाखतींतलं काय खरं आणि काय रचलेलं हे कुणी पाहावं? कित्येक मुलाखती आणि व्याख्यानं तर त्याच्या जागी मास्सिमिलियानो जोनी या मित्रानं दिलेली आहेत, कात्तेलान म्हणून, आणि समोरच्यांना पत्ता लागला नाही. पण पुढच्या नोकऱ्यांची यादी पक्की आहे. त्यात शवागारातलीही एक होती. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तो फोर्लीमध्ये लाकडी-लोखंडी फर्निचर करत होता आणि तिथून कलेत शिरला.

स्वयंशिक्षित म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एक ठरावीक माणूस येतो. रात्री दिवा लावून रेखाटनं गिरवणारा, शरीररचनेची पुस्तकं उसनी आणणारा, उशिरा का होईना पण हात तयार करणारा. कात्तेलाननं यातलं काहीच केलं नाही. न शिकलेला हात त्यानं न शिकलेलाच ठेवला. शिकला तो दुसऱ्याच गोष्टी: कुणाला फोन करायचा, काम कुणाकडून करून घ्यायचं, आणि आपल्यावर वेळ आली की कसं सटकायचं.

सटकण्याचा तर त्यानं अभ्यासच केला. १९८९ मध्ये बोलोन्यात पहिलं स्वतंत्र प्रदर्शन ठरलं आणि दाखवण्यासारखं काही सुचेना. त्यानं गॅलरीला कुलूप लावलं आणि दारावर दुकानदार लावतात तसली पाटी टांगली: इतक्यात येतो. १९९१ मध्ये पुन्हा तेच संकट, तर तो पोलीस ठाण्यात गेला आणि आपल्या गाडीतून एक अदृश्य कलाकृती चोरीला गेल्याची फिर्याद नोंदवून आला. टाइप केलेला, सहीशिक्क्याचा तो कागद त्यानं चौकटीत घालून गॅलरीत लावला. यातही खरं काम पोलिसाचंच. १९९२ मध्ये रिवाराच्या किल्ल्यात प्रदर्शन होतं, तिथे चादरींना गाठी मारून खिडकीतून खाली सोडल्या. तुरुंगातून कैदी पळतो तशा. त्याच वर्षी त्यानं एक प्रतिष्ठान काढलं, देणगीदारांकडून दहा हजार डॉलर जमवले आणि जाहीर केलं की जो कलाकार वर्षभर कुठेही काहीही मांडणार नाही त्याला ही शिष्यवृत्ती. कुणी घेतली नाही. मग ते पैसे घेऊन हे महाशय स्वतःच न्यूयॉर्कला गेले. १९९३ ला व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, आपल्या वाट्याची जागा त्यानं एका जाहिरात कंपनीला भाड्यानं दिली, आणि तिथे अत्तराची जाहिरात लागली. १९९६ ला आमस्टरडॅमला प्रदर्शनासाठी मुदत कमी मिळाली तर जवळच्या दुसऱ्या गॅलरीचं सगळं सामान, अगदी कार्यालयातल्या वस्तूंसकट, रातोरात उचलून आणलं आणि आपलं काम म्हणून मांडलं. पोलीस आले तेव्हा परत केलं.

ही कामं आठवताना हसू येतं. त्या हसण्याखाली एक भीतीही जाणवते, आणि मला ती खरी वाटते. आपल्याला काही येत नाही हे आता कुणाच्या तरी लक्षात येणार, ही. शिकून आलेल्याला ती लपवता येते, त्याच्याकडे पदवी असते, तंत्र असतं. याच्याकडे पाटी आणि चादर होती.

१९९६ पासून मात्र वस्तू येऊ लागल्या, आणि वस्तू म्हटली की कारागीर आला. त्या वर्षीची खार पाहा. पेंढा भरलेली खरी खार, एका पिवळ्या फॉर्मायका टेबलावर डोकं टेकून मेलेली. खाली जमिनीवर इवलं पिस्तूल, मागे इवलं सिंक, त्यात न धुतलेली भांडी. स्वयंपाकघर कात्तेलानच्या लहानपणच्या घरावरून घेतलेलं. पूर्ण देखावा गुडघ्याच्याही खाली, म्हणून पाहायला वाकावं लागतं, आणि वाकल्यावर नजर खारीवरून आधी त्या भांड्यांकडे जाते. ट्रकचालकाच्या घरचं सिंक. त्याच्या सगळ्या कामांत मला हेच सर्वांत जवळचं वाटतं, बहुधा इथे विनोद धावून येत नाही म्हणून.

पुढच्याच वर्षी घोडा. छताला चामडी पट्ट्यांनी टांगलेला, मान खाली घातलेला, पाय नैसर्गिकपेक्षा लांबलेले. नाव ‘नोव्हेचेन्तो’, म्हणजे विसावं शतक. पेंढा भरणं हा आपला जुना शब्दप्रयोग, पण आता आत पेंढा नसतो. प्राण्याचं कातडं काढून कमावतात, खाली फोमचा किंवा फायबरचा साचा कोरतात, त्यावर ते ओलसर कातडं चढवून शिवतात. वाळताना कातडं आक्रसतं, ओठ आणि पापण्या मागे ओढल्या जातात, म्हणून तिथे टाचण्या मारून ठेवतात आणि रोज बघतात. उभा घोडा करणं सोपं, वजन पायांतल्या सळ्यांवर येतं. टांगायचा तर वजन पोटाखालच्या पट्ट्यांवर येतं, आत लोखंडी सांगाडा नसेल तर साचा चेपतो आणि वर शिवण उसवते. आणि सगळ्यांत कठीण म्हणजे मान. मेलेल्या घोड्याची मान लोंबते, पण साच्यावरची मान कडक असते. तिला लोंबती दाखवायची म्हणजे प्रत्येक वळी हातानं घडवायची. ज्यानं ते केलं त्यानं मरणाचं वजन केलं. आपण मात्र पाटीवर एकच नाव वाचतो.

हे सगळं एका ठिकाणी येऊन फुटलं. दानिएल द्रुए हा फ्रेंच शिल्पकार, रीतसर शिकलेला, पॅरिसच्या ग्रेव्हँ या मेणपुतळ्यांच्या संग्रहालयासाठी वर्षानुवर्षं काम केलेला. १९९९ पासून कात्तेलानच्या नावानं आलेल्या आठ-नऊ मेणपुतळ्यांमागे हात त्याचे होते. मेणपुतळ्याचं काम घाईचं नाही. आधी मातीत डोकं घडवायचं, तेही खऱ्यापेक्षा किंचित मोठं, कारण मेण निवताना आकसतं. मग तुकड्यातुकड्यांचा प्लास्टरचा साचा. त्यात गरम मेण ओतायचं, कडेला जाड कवच धरलं की आतलं पातळ मेण परत काढून घ्यायचं. मेण फार गरम असेल तर बुडबुडे, फार थंड असेल तर थरांच्या रेघा. काचेचे डोळे आतून बसवायचे. त्यानंतर केस, खऱ्या माणसाचे, सुईनं एकेक करून, प्रत्येकाचा कल सांभाळत. भुवई चुकली तर अख्खा चेहरा चुकतो. शेवटी पातळ रंगांचे थर, कारण माणसाची कातडी एका रंगाची कधीच नसते.

‘नववा प्रहर’ हा द्रुएच्या हातचा. पोप दुसरा जॉन पॉल, हातात क्रूसदंड, अंगावर उल्का कोसळलेली, आजूबाजूला लाल गालिच्यावर छताच्या काचांचा खच. १९९९ मध्ये बाझेलला प्रथम मांडला. मूळचा पुतळा उभा होता. कात्तेलान समोर उभा राहिला आणि त्याला काहीतरी कमी वाटलं. त्यानं पाय कापायला लावले, पोपला आडवं केलं, वर दगड ठेवला. कल्पना करा. महिनोन्‌महिने घडवलेला, सर्व बाजूंनी पूर्ण झालेला पुतळा, आणि त्यावर करवत. पण तो उभा पोप आज कुणाला आठवला असता? तो ग्रेव्हँच्या दालनात आणखी एक मेणपुतळा झाला असता. करवतीनं त्याचं काम केलं हे नाकारता येत नाही. २००० च्या डिसेंबरात वॉर्सामध्ये तो मांडला तेव्हा पोलंडच्या संसदेतले दोघे येऊन पोपच्या अंगावरचा दगड बाजूला सारून गेले, आणि पुढे संग्रहालयाच्या संचालिका आंदा रोटेनबर्ग यांना पद सोडावं लागलं. नुसत्या मेणाच्या साधर्म्यापायी कुणाची खुर्ची जात नाही.

‘हिम’ (इंग्रजी Him, म्हणजे ‘त्याला’) या पुतळ्याची गोष्टही तशीच. २००१. पाठमोरा, गुडघे टेकून प्रार्थना करणारा शाळकरी मुलगा, लोकरी सूट, उंची मीटरभर. वळसा घालून समोर गेलं की हिटलरचा चेहरा. २०१६ मध्ये त्याची एक प्रत १ कोटी ७२ लाख डॉलरला गेली. द्रुएनं शेवटी पॅरिसच्या न्यायालयात पेरोतां गॅलरीवर, तिच्या प्रकाशनावर आणि या कामांचं प्रदर्शन भरवणाऱ्या पॅरिसच्या टांकसाळीवर दावा लावला: या पुतळ्यांचा कर्ता मी. कात्तेलानकडून येत ती मोघम कल्पना, बाकी सगळं माझं, असं त्याचं म्हणणं. २०२२ च्या जुलैत न्यायालयानं दावा फेटाळला, कारण द्रुएनं ज्याच्यावर दावा लावायला हवा होता त्या कात्तेलानलाच प्रतिवादी केलं नव्हतं. शिवाय पुतळा कुठे, कसा, कोणत्या प्रकाशात, प्रेक्षकानं कुठून यावं हे सगळं ठरवणारा कात्तेलानच होता, अशी नोंदही निकालात आहे.

मला दोघांचंही पटतं, आणि त्यामुळे हा निकाल पचत नाही. पाठमोऱ्या पोराकडे कोणत्या दारानं जायचं हे ठरवणं, हेच ‘हिम’. पण समोर आल्यावर तो चेहरा जर दुकानातल्या बाहुल्यासारखा निघाला असता तर वळसा फुकट गेला असता. ते घशाशी येणारं काहीतरी द्रुएच्या सुईतून आलेलं आहे. पूर्वीच्या चित्रकारांच्या कार्यशाळांत असंच चाले, शिष्यांनी हात रंगवायचे आणि गुरूनं चेहरा, असं सांगून हा प्रश्न मिटवता येत नाही. तिथे गुरूला निदान चेहरा यायचा.

भारतही एकदा या सगळ्यात आलेला आहे. १९९९ च्या व्हेनिस बिएनालेत कात्तेलाननं एका भारतीय फकिराला वाळूत पुरून घेतलं. वर फक्त जोडलेले दोन हात. नाव ‘आई’. अशा प्रयोगात वाळू किती ओली, थर किती जाड, श्वासाला पोकळी किती, हे चुकलं तर माणूस जातो. ओली वाळू जड होऊन छातीवर बसते, कोरडी असली तर प्रत्येक उच्छ्वासानंतर रिकाम्या झालेल्या जागेत सरकते आणि पुढचा श्वास लहान होतो. हे ज्ञान कात्तेलानचं नव्हतं, वाळूखालच्या माणसाचं होतं, आणि तोही कुठल्या कलाशाळेत गेला नसणार. समीक्षेत या कामाबद्दल मृत्यू, श्रद्धा, मातृत्व असं बरंच वाचायला मिळतं. परदेशी प्रेक्षकांपुढे भारतीय साधू मांडण्याच्या जुन्या हौसेबद्दल फारसं नाही. पंचवीस वर्षांनी, २०२४ ला, याच कामाची जोडी आली, ‘बाप’. व्हेनिसच्या ज्युदेक्का बेटावरच्या महिला तुरुंगात, तिथल्या चॅपेलच्या बाहेरच्या भिंतीवर दोन प्रचंड, मळकी, अनवाणी पावलं. बोलावणारं होतं खुद्द व्हॅटिकन. पोपवर उल्का टाकणाऱ्याला पोपच्याच दरबाराचं आमंत्रण, आणि तुरुंगात प्रेक्षकांना फिरवणाऱ्या तिथल्या कैदी स्त्रिया. पुन्हा दुसऱ्यांचेच हात, पण इथे निदान त्या स्त्रिया लोकांसमोर उभ्या होत्या आणि बोलत होत्या.

२०११ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं मोठं सिंहावलोकन ठरवलं तेव्हा कात्तेलाननं भिंतींना हातच लावला नाही. नॅन्सी स्पेक्टर या क्युरेटर. सव्वाशेच्या वर कामं, घोडा, खार, पोप, हिटलर, सगळी त्या गोल इमारतीच्या मधल्या पोकळीत दोरांवर टांगली, आणि चढत्या वळणांच्या भिंती कोऱ्या ठेवल्या. वर खास धातूचा सांगाडा घालून त्यावरून एकेक वस्तू सोडलेली. प्रत्येक वस्तूचा गुरुत्वमध्य वेगळा. तो चुकला की वस्तू हळूहळू गिरकी घेते आणि शेजारच्या दोरात अडकते. आडवे मेणपुतळे दोरावर घेता येत नाहीत, मेणाला ताण सोसत नाही, म्हणून ते फळ्यांवर ठेवून फळ्या टांगल्या. कारकीर्दच फासावर दिली, आणि सोबत निवृत्तीही जाहीर केली. ती त्यानं पाळली नाही, हे सांगायला नकोच.

परतला तो २०१६ ला, त्याच गुगेनहाइममध्ये, शौचकूप घेऊन. नाव ‘अमेरिका’. संग्रहालयातल्या नेहमीच्या भांड्याचीच प्रतिकृती, पण अठरा कॅरेट सोन्यात. फ्लॉरेन्सच्या ओतकाम कारखान्यात तुकड्यांनी ओतून जोडलेली. आणि चालू! पाणी येतं, जातं, रांग लावून कुणीही आत जावं, दार लावावं. वर्षभरात लाखभर लोक गेले. शुद्ध सोनं इतकं मऊ की रोजच्या वापरात टिकणार नाही, म्हणून पाव हिस्सा तांबं-चांदीसारख्या दुसऱ्या धातूंचा. तरी नेहमीची साफसफाईची रसायनं चालत नाहीत, रंग-वास-ब्लीच नसलेल्या पुसण्या लागतात, अधूनमधून वाफ आणि पॉलिश. दर पंधरा मिनिटांनी सफाई कर्मचारी आत जाऊन पुसून येत. ज्याची आई लोकांची घरं साफ करायची त्यानं हे योजलेलं आहे, हे मला विसरता येत नाही. तो विसरला असेल असंही वाटत नाही. २०१९ च्या सप्टेंबरात इंग्लंडच्या ब्लेनहाइम राजवाड्यात ते भांडं बसवलं होतं. पहाटे चोर दोन चोरीच्या गाड्या घेऊन आले, घणानं ते उखडलं आणि पाच मिनिटांत घेऊन गेले. नळजोडणी तुटल्यामुळे तीनशे वर्षं जुन्या वास्तूत पाणी भरलं. ९८ किलो सोनं परत मिळालं नाही. चोरांना शिक्षा झाल्या, पण भांडं वितळवून विकलं गेलं असणार.

त्याची दुसरी प्रत २०२५ च्या नोव्हेंबरात सदबीजकडे आली. १०१ किलोच्या वर वजन. लिलावाची सुरुवातीची बोली त्या दिवसाच्या सोन्याच्या भावावर बांधलेली, एक कोटी डॉलरच्या आसपास. बोली एकच आली, म्हणजे दलाली वगळता बाजारानं धातूचा भाव दिला आणि कलेसाठी जवळजवळ काहीच नाही. केळ्याच्या वेळी नेमकं उलटं झालं होतं. वर्षभराच्या अंतरानं झालेले हे दोन लिलाव शेजारी ठेवले की कात्तेलानच्या नावाची किंमत नक्की किती हे कुठल्याच पद्धतीनं काढता येत नाही, आणि मला वाटतं तो त्यावर खूश असेल. भांडं घेतलं रिप्लीज या कंपनीनं, जिची संग्रहालयं चित्रविचित्र वस्तूंसाठी प्रसिद्ध आहेत. लोकांना ते वापरू द्यायचं की नाही, याचा ते विचार करणार आहेत म्हणे. दिलं, तर पुसायला माणसं नेमावी लागतील.